दुरुस्तीचा सिलसिला

दोन महिन्यांपूर्वी जुम्म्याच्या नमाजनंतर माझ्या मोटारसायकलीने मशिदीसमोर चार गाड्या पाडल्या.

शुक्रवारी दुपारी मशिदीच्या दारात दुचाकींची कशी रांग लागते, हे सांगायला नको. हँडलला हँडल खेटलेलं असतं आणि सगळ्या गाड्या डावीकडे कललेल्या असतात. माझी गाडी रांगेच्या उजव्या टोकाला होती. किल्ली लावायला हात पुढे केला, तेवढ्या धक्क्याने साइड स्टँड सरकला आणि गाडी शेजारच्या गाडीवर गेली. ती तिच्या शेजारचीवर, अशा चार गाड्या आडव्या झाल्या. रांगेच्या दुसऱ्या टोकाला सात-आठ वर्षांचा एक मुलगा पायरीवर बसून सँडलचा पट्टा लावत होता. शेवटची गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर पडली.

कुणी मला बोललं नाही. चार-पाच जणांनी मिळून गाड्या उचलल्या, कुणाचा आरसा फुटला तो मी भरून देतो म्हणालो, विषय संपला. मला मात्र त्या मुलाचा चेहरा दिवसभर दिसत राहिला. कारण स्टँड ढिला झालाय हे मला सहा महिन्यांपासून माहीत होतं. गाडी रोज थोडी जास्त कलत होती. मी काय करायचो, तर फरशीचा एक तुकडा जवळ ठेवायचो आणि तो स्टँडखाली सरकवायचो. त्या शुक्रवारी घाईत तो ठेवायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन मिरजेत एका मिस्त्रींकडे गेलो. वय सत्तरीच्या आसपास, अंगात ग्रीसने काळा झालेला जुना शर्ट, टपरीवजा गॅरेज. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. तिथे तीन तास बसलो. हा लेख त्या तीन तासांतून निघाला आहे.

छेद लांबला होता

मी म्हणालो, ‘‘चाचा, बोल्ट ढिला झालाय, जरा कसून द्या.’’ त्यांनी गाडी मेन स्टँडवर घेतली, साइड स्टँडचा पाय धरून मागे-पुढे हलवला आणि म्हणाले, ‘‘बोल्ट का कसूर नै बेटा, छेद लंबा हो गया.’’

साइड स्टँडची रचना साधी आहे. गाडीच्या चासीला लोखंडाची एक जीभ वेल्ड केलेली असते. स्टँडच्या वरच्या टोकाला दोन गाल असतात. जीभ त्या गालांमध्ये बसते आणि तिघांच्या आरपार एक बोल्ट जातो. एका बाजूला स्प्रिंग असते. स्टँड खाली-वर करताना स्प्रिंगची ओढ बोल्टच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते, म्हणून तीच स्प्रिंग स्टँडला खालीही धरून ठेवते आणि वरही. या जोडावर गाडीचा बराचसा भार येतो. त्यात पावसाचं पाणी जातं, धूळ जाते, ग्रीस वाळतं. मग लोखंड लोखंडाला खातं. गोल छेद लांबट होतो, बोल्टला खाच पडते.

चाचांनी एक हिशोब सांगितला, तो मला आवडला. जोडाची रुंदी साधारण बोटभर आणि स्टँडचा पाय त्याच्या दहापट लांब. त्यामुळे वर एक मिलिमीटर ढिल आली, तर खाली जमिनीशी ती सेंटीमीटरभर होते. म्हणूनच गाडी इतकी कलत होती. बोल्ट कितीही कसला तरी लांबलेला छेद गोल होत नाही. उलट फार कसला तर स्टँड अर्ध्यात अडकतो. वर नीट न गेलेला स्टँड डाव्या वळणावर रस्त्याला टेकतो आणि चालवणारा फेकला जातो. ही भीती जगभर आहे. युरोपात १९९३ साली दुचाकींच्या स्टँडसाठी एक स्वतंत्र निर्देश काढला गेला. आपल्याकडेही अलीकडच्या बऱ्याच गाड्यांमध्ये स्टँड खाली असेल तर इंजिन चालू होत नाही. माझ्या जुन्या गाडीत ती सोय नाही, तिथे स्प्रिंग आणि मिस्त्री यांच्यावरच भिस्त.

उपाय तीन होते. नवा बोल्ट टाकायचा, म्हणजे महिनाभराची निश्चिंती. किंवा छेद वेल्डिंगने भरून पुन्हा पाडायचा. किंवा छेद मोठा करून गोल करायचा आणि त्यात बुश बसवायचा. चाचांनी तिसरा निवडला. स्प्रिंग काढली, चेकनट सोडला, बोल्ट काढला. मोजायला व्हर्नियर नव्हता. वेगवेगळ्या मापांच्या जुन्या ड्रिलच्या दांड्या एकेक करून छेदात घालून त्यांनी माप काढलं. छेद चौदा मिलिमीटरचा केला. शेजारच्या लेथवाल्याकडून बाहेरून चौदा आणि आतून दहा मिलिमीटरचा गनमेटलचा बुश करून आणला, जरा घट्टच, आणि हातोडीने ठोकून बसवला. स्टँडच्या गालांना आतून झिजेएवढे वॉशर वेल्ड केले. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायला विसरले नाहीत. खालचा तळवा घासून धारदार झाला होता, तिथे पट्टीचा तुकडा लावला. ग्रीस भरलं. नवा बोल्ट पूर्ण कसून पाव आटा मागे घेतला आणि चेकनटने जागेवर धरला. मग पायाने स्टँड उडवला. टक् असा आवाज करून तो वर जाऊन बसला.

‘‘बुश कशाला?’’ असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, पुढच्या वेळी झिजायचं ते बुश झिजेल, गाडीची जीभ नाही. बुश शंभर-दोनशे रुपयांत बदलता येतो, चासी बदलता येत नाही.

मिस्त्रीची भाषा

तिथे बसल्या बसल्या मी शब्द मोजत होतो. दुरुस्ती हा शब्द फारसीतल्या ‘दुरुस्त’ वरून आलेला. औजार हा अरबी. उस्ताद आणि शागीर्द फारसी. खुद्द मिस्त्री हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’चं आपलं रूप आहे. कोकणात आणि कोल्हापुरात तो अजून मेस्त्री असाच बोलला जातो. चावीसुद्धा पोर्तुगीजच. ऐरण, भाता, घण हे इथल्या मातीतले. बोल्ट, बुश, लेथ इंग्रजांबरोबर आले. हे सगळे शब्द चाचांच्या एका वाक्यात एकत्र येतात आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही.

भाषाशुद्धीचे वाद पुण्या-मुंबईत झाले. गॅरेजात ते पोचले नाहीत, कारण तिथे शब्द कुठला आहे यापेक्षा तो दिल्यावर हातात योग्य पाना येतो की नाही हे महत्त्वाचं असतं. दख्खनचा जो मिश्र इतिहास आपण पुस्तकांत शोधतो, तो या औजारांच्या पेटीत रोज वापरात आहे.

तलवारीकडून सतारीकडे

चाचांच्या गॅरेजपासून मिरासाहेबांचा दर्गा लांब नाही. त्या भागातच सतारमेकर गल्ली आहे. मिरजेच्या सतारी आणि तानपुरे देशभर जातात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ही वाद्यं करणारी घराणी मुळात शिकलगारांची, हे मिरजेबाहेर फार थोड्यांना माहीत असतं.

शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि चकाकी देणारा. फारसीत सैकलगर, त्याचं मराठीत शिकलगार झालं. अत्तार, तांबोळी, बागवान, पिंजारी यांच्यासारखंच हेही कामावरून पडलेलं नाव. १८१८ मध्ये पेशवाई गेली. संस्थानांच्या फौजांना पूर्वीसारखं काम उरलं नाही. पुढे १८७८ च्या हत्यारबंदी कायद्याने सामान्य माणसाच्या हातातलं शस्त्रही काढून घेतलं. तलवारच नसेल तर तिला धार लावणाऱ्याने करायचं काय? कुणी सुऱ्या-कात्र्यांकडे वळले, कुणी कुलुपांकडे, कुणी अडकित्त्यांकडे.

मिरजेत वेगळंच घडलं. पटवर्धनांच्या या संस्थानात गायक-वादकांना आश्रय होता. त्यांची वाद्यं बिघडत आणि ती दुरुस्त करणारं जवळ कुणी नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने ही दुरुस्ती हाती घेतली. मोडलेलं वाद्य उघडलं की ते कसं जोडलंय हे कळतं. दुरुस्त करता करता त्यांनी नवी वाद्यं घडवायला सुरुवात केली. पंढरपूरच्या बाजूच्या शेतकऱ्याने पिकवलेला भोपळा, वर लाकूड, तारा आणि लोखंड घासण्यात तयार झालेला हात, यांतून मिरजेची सतार उभी राहिली. किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. वाद्यांच्या सुरेलपणावर त्यांनी या कारागिरांबरोबर काम केलं. १९३७ मध्ये त्यांचं निधन झालं, त्यांची कबर दर्ग्याच्या आवारात आहे. शिकलगारांच्या काही घरांचं तर आडनावच सतारमेकर झालं.

यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. धंदा बुडाल्यावर नवा धंदा निघाला तो दुरुस्तीच्या वाटेने. आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे हलकं काम, निर्मिती म्हणजे थोर काम, अशी उतरंड मानतात. मिरजेचा इतिहास सांगतो की निर्मितीचं शिक्षण दुरुस्तीतच झालं.

ज्यांची नावं राहिली

हे फक्त मुसलमान कारागिरांपुरतं खरं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. तिथे सायकली विकणं आणि दुरुस्त करणं चाले. तिथून लोखंडी नांगरापर्यंत आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीपर्यंत ते पोचले. कोल्हापूरच्या यंत्रउद्योगाच्या इतिहासात म्हादबा मेस्त्री हे नाव आदराने घेतलं जातं. तिथे ‘मेस्त्री’ ही पदवी कमीपणाची नाही, मानाची आहे.

मागे गेलो तर विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ आहे. सुमारे ५५ टनांची ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला, निजामशाहीत ओतली गेली. ती ओतणाऱ्या मुहम्मद बिन हुसेन रूमी याचं नाव तोफेवर आहे. सुलतानाच्या बरोबरीने कारागिराचं नाव धातूत उरलं, असं आपल्या इतिहासात फार वेळा घडलेलं नाही.

पण हे सगळे अपवाद. ज्याचा कारखाना झाला, ज्याचं वाद्य मैफलीत गेलं, ज्याची तोफ बुरुजावर चढली, त्याचं नाव राहिलं. जो आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तू चालत्या ठेवत राहिला, त्याचं नाव त्याच्या गिऱ्हाइकांबरोबरच गेलं.

यात आपणही निर्दोष नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या मुलांना ‘आपला वैभवशाली वारसा’ सांगण्याची लाट आली आहे. त्यात अल्-जजरीचं नाव हटकून येतं. १२०६ साली त्याने यंत्रांवरचा ग्रंथ पूर्ण केला. त्यातल्या पाणी उपसण्याच्या पंपात फिरती गती पुढे-मागे चालणाऱ्या गतीत बदलणारी क्रँकची रचना आहे. मोटारसायकलीच्या इंजिनात हेच उलट दिशेने घडतं. हे सांगायलाच हवं. मीही व्याख्यानांत सांगतो. पण अल्-जजरीसाठी टाळ्या वाजवणारे आम्हीच घरी आल्यावर मुलाला दटावतो, ‘‘अभ्यास केला नाहीस तर गॅरेजात हातोडी मारशील.’’ आठशे वर्षांपूर्वीच्या दियारबकरमधला कारागीर आपला, आणि गल्लीतला मिस्त्री ही धमकी!

हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी लोखंड मऊ केलं गेलं आणि ते स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत, हे आपण मदरशात शिकतो. शिकून झाल्यावर ते कुठे ठेवतो, हा प्रश्न मला त्या तीन तासांत पडला.

गॅरेजची वंशावळ

मोटारसायकल आपल्याकडे सामान्य माणसाच्या हाती उशिरा आली. १९५५ मध्ये मद्रासला बुलेटचं काम सुरू झालं. १९६० च्या दशकात म्हैसूरची जावा आणि फरीदाबादची राजदूत रस्त्यावर दिसू लागली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर जपानी तंत्राच्या शंभर सीसी गाड्या आल्या आणि मोटारसायकल तालुक्याच्या गावात पोचली. त्याआधीच्या परवाना-राज्यात गाडीसाठी थांबावं लागे आणि सुट्या भागांसाठीही. पार्ट मिळत नाही म्हणून मिस्त्री तो करून घेत. बुश, पिन, वॉशर, जे जमेल ते लेथवर उतरवायचं. चाचांची पिढी या टंचाईत तयार झाली.

मी त्यांना विचारलं, तुम्ही हे काम कुणाकडून शिकलात?

ते म्हणाले, ‘‘माझे उस्ताद सांगलीत होते. बारा वर्षांचा असताना अब्बांनी त्यांच्या हवाली केलं. पहिली दोन वर्षं फक्त पार्ट धुवायचे.’’ उस्तादांचे उस्ताद सायकलवाले होते. सायकल भाड्याने द्यायचे, पंक्चर काढायचे, मोडलेले स्टँड जोडायचे. पुढे रॉकेलच्या स्टोव्हपासून शिलाई मशीनपर्यंत सगळं उघडायला लागले. आणि त्यांचे वडील? ‘‘ते शिकलगार. कात्र्यांना धार लावत गावोगाव फिरायचे, असं उस्ताद सांगायचे.’’

चार पिढ्यांची ही साखळी तोंडी आहे. तिचा कागद नाही. आपल्या परंपरेत साखळीला किती मोल आहे! हदीस कुणी कुणाकडून ऐकली याचा इस्नाद सांगितल्याशिवाय ती मानली जात नाही. सूफींचा सिलसिला उस्तादापासून मागे मोजत नेतात. ख्याल गाणारा आपलं घराणं सांगताना कानाला हात लावतो. कात्रीची धार, सायकलचा स्टँड आणि माझ्या गाडीतला बुश यांना जोडणारा सिलसिलाही तसाच आहे. फक्त तो सांगायला कुणी बसत नाही आणि विचारायला कुणी जात नाही.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने एक चित्र दाखवलं. नोकरीपेक्षा स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगणाऱ्या मुसलमानांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे आणि वाहनांच्या दुरुस्तीसारख्या क्षेत्रांत त्यांची संख्या ठळक आहे. अहवालाने ते मागासलेपणाचं लक्षण म्हणून मांडलं आणि ते बरोबरच होतं. त्या धंद्याला बँकेचं कर्ज नाही, विमा नाही, निवृत्ती नाही. सत्तरीतही चाचा जमिनीवर उकिडवे बसून काम करतात. दारिद्र्याला हुन्नर म्हणून गोंजारण्यात अर्थ नाही. पण आकड्यांत न मावणारी दुसरी बाजूही आहे. ड्रिलच्या दांडीने मिलिमीटर ओळखणारं ज्ञान हेही ज्ञान आहे. ते कुठल्या प्रमाणपत्रावर नाही, म्हणून ते मोजलं जात नाही.

आणि आता ते संपत चाललंय. चाचांकडे गेल्या आठ वर्षांत एकही शागीर्द टिकला नाही. नव्या गाड्यांत सेन्सर आले, बिघाड कंपनीच्या मशीनवर कळतो, भाग दुरुस्त करायचा नसतो, बदलायचा असतो. त्यांचा मुलगा एका दुकानात कामाला आहे. नातवाच्या शाळेच्या फॉर्ममध्ये ‘आजोबांचा व्यवसाय’ असा रकाना होता. मुलाने तिथे ‘व्यापार’ लिहिलं. हे सांगताना चाचा हसले. म्हणाले, ‘‘खोटं नाही लिहिलं. ग्रीस विकत घेतोच की मी.’’

मला हसता आलं नाही. मीही सहा महिने फरशीच्या तुकड्यावर गाडी टेकवत होतो. आत झिजलंय हे ठाऊक असून वरवरचा टेका देत होतो. ‘व्यापार’ हा शब्द तसाच टेका आहे.

वहीतली चार नावं

निघताना त्यांना म्हणालो, तुमच्यावर लिहितो, नाव घालू का? नको म्हणाले. गिऱ्हाइकं चेष्टा करतील. म्हणून इथे नाव नाही. पण त्यांच्या परवानगीने माझ्या वहीत चौघांची नावं लिहून घेतली आहेत. त्यांचं, त्यांच्या उस्तादांचं, त्या सायकलवाल्यांचं आणि कात्र्यांना धार लावणाऱ्या त्या शिकलगाराचं. गाव, अंदाजे साल, काय काय दुरुस्त करायचे, तेही. बुश बसवण्याची पद्धत त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतली. दोन पानं झाली.

महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा इतिहास म्हटलं की दोनच दालनं उघडतात. एकात सुलतान आणि किल्ले, दुसऱ्यात दंगली आणि आयोग. या दोन्हींमध्ये जगलेली माणसं धार लावत होती, पिंजत होती, विणत होती, सांधत होती. त्यांचा गिऱ्हाईक हिंदू की मुसलमान हे त्यांच्या हिशोबात नव्हतं, आणि त्या शुक्रवारी पडलेल्या चार गाड्यांपैकी दोन तर शेजारच्या दुकानदारांच्या होत्या. या माणसांची दफ्तरं कुठल्याही पुराभिलेखागारात सापडणार नाहीत. ती आपल्या घरातल्या आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात आहेत, आणि फार दिवस राहणार नाहीत.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीला, टर्नरला, पिंजाऱ्याला, शिकलगाराला तीन प्रश्न विचारा. काम कुणाकडून शिकलात? त्यांनी कुणाकडून शिकलं? आणि अशी कोणती दुरुस्ती आहे, जी आज तुमच्याशिवाय गावात कुणालाच येत नाही? उत्तरं तारखेसह वहीत लिहून ठेवा. ते आपल्या घरातले असतील तर आधी त्यांनाच विचारा.

परवा जुम्म्याला गाडी त्याच रांगेत लावली. स्टँड टाकला, हँडल धरून दोनदा हलवून पाहिलं. गाडी जागची हलली नाही. फरशीचा तुकडा अजून डिकीत पडून आहे, तो टाकून द्यायचा राहिलाय.